खरगाह, पाल आणि कोपी : घडीच्या घराचा एक इतिहास

‘आईन-ए-अकबरी’मध्ये फरासखान्यावर एक छोटे प्रकरण आहे. बादशहाचा मुक्काम हलू लागला की काय काय हलत असे, याचा हिशेब अबुल फजलने त्या ग्रंथात दिला आहे. बारगाह, चोबीन रावटी, दोन मजली तंबू, शामियाना, कनाती असे एकेक प्रकार सांगत तो ‘खरगाह’ या नावापाशी येतो आणि थोडक्यात उरकतो. हा घडी होणारा तंबू असून तो निरनिराळ्या तऱ्हांनी करतात, काहींना एक दार असते तर काहींना दोन, एवढेच तो सांगतो. पण ‘गुलालबार’ नावाच्या लाकडी आडोशाचे वर्णन करताना त्याच्या हातून एक मोलाचा तपशील लिहिला गेला आहे. गुलालबारचे तुकडे खरगाहच्या भिंतींसारखेच चामड्याच्या वाद्यांनी जोडलेले असतात, त्यामुळे तळ उठताना त्याची घडी करता येते, असे तो म्हणतो.

लाकडाची भिंत, चामड्याची वादी आणि घडी. एवढ्यावरून खरगाह म्हणजे काय ते ओळखता येते. मध्य आशियातल्या गवताळ मुलखातले कझाक आणि किरगिझ लोक ज्यात राहत आले, मंगोल ज्याला ‘गेर’ म्हणतात आणि युरोपीय पुस्तकांमुळे आपण ज्याला ‘यर्ट’ म्हणू लागलो, तेच हे गोल, जाळीच्या भिंतीचे, नमद्याने मढवलेले घर. बाबर फरगाण्याहून आला तो अशा घरांत राहिलेला माणूस होता. हुमायूनसाठी राशिचक्राप्रमाणे बारा भागांचा तंबू केल्याचे ख्वांदमीरने लिहून ठेवले आहे. अकबरापर्यंत येता येता या घराचा दिमाख वाढला, रंग चढला, पण सांगाडा तोच राहिला. पीटर अँड्र्यूज या संशोधकाने या तंबूंच्या वंशावळीवर १९९९ मध्ये दोन जाडजूड खंड प्रसिद्ध केले, त्यात हा प्रवास सविस्तर आला आहे.

हे नांदेड-लातूरच्या वाचकाला कशासाठी सांगायचे? कारण हे घर घेऊन फिरणारी छावणी आपल्या गोदाकाठापर्यंत आली होती. आणि त्याच गोदाकाठी, मन्याड आणि मांजरेच्या खोऱ्यात, दुसऱ्याही एका घडीच्या घराचा इतिहास आहे. त्याचा मात्र कोणत्याही अबुल फजलने हिशेब लिहिलेला नाही. त्याला आपण ‘पाल’ म्हणतो.

आधी छावणीचे पाहू. फ्रान्स्वा बर्निये हा फ्रेंच वैद्य १६६४ च्या अखेरीस औरंगजेबाच्या लवाजम्याबरोबर दिल्लीहून निघाला. लाहोरमार्गे काश्मीरला जाणाऱ्या त्या छावणीत त्याने खरगाह पाहिला. त्याच्या मायदेशातल्या वाचकाला समजावे म्हणून त्याने त्याची तुलना घडीच्या पडद्यांशी केली आहे. पातळ, हलके लाकूड, बाहेरून रंग आणि सोनेरी काम, आणि छोट्या दारांना चांदीची कुलुपे, असे ते वर्णन आहे. पुढे हाच औरंगजेब दख्खनेत उतरला आणि आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षे त्याने बहुतांशी तंबूत काढली. भीमेकाठी ब्रह्मपुरीला त्याचा तळ १६९५ पासून चार वर्षे होता. कृष्णेकाठच्या गलगल्याची छावणी १६९५ मध्ये जेमेल्ली कारेरी या इटालियन प्रवाशाने पाहिली आणि तिचा घेर तीस मैलांचा असल्याचे लिहिले. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ भिंगारला बादशहा वारला तोही छावणीतच.

त्यानंतरच्या वर्षी छावणी नांदेडला आली. बहादूरशहा आपला भाऊ कामबक्ष याच्यावर चालून हैदराबादेकडे निघाला होता आणि गुरु गोविंदसिंह त्याच्याबरोबर दख्खनेत आले होते. १७०८ च्या त्या मुक्कामात पुढे काय घडले ते नांदेडच्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. बंदा बैरागी इथेच गुरूंना भेटला आणि ऑक्टोबरात गुरूंनी इथेच देह ठेवला. शहराचा नंतरचा सगळा इतिहास त्या मुक्कामाने बदलला. बादशहाचे तंबू उठले, जानेवारी १७०९ मध्ये हैदराबादेजवळ कामबक्षाचा निकाल लागला. गुरूंच्या मुक्कामाच्या जागी मात्र दगडी वास्तू उभी राहिली. महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात सचखंड बांधवून घेतले. म्हणजे नांदेडच्या सर्वांत मोठ्या वास्तूच्या मुळाशी नदीकाठचा एक तळ आहे. आपण इतिहास वाचताना दगडापासून सुरुवात करतो, त्यामुळे हे सहसा लक्षात येत नाही.

पुढे १७२४ पासून हा मुलूख आसफजाही घराण्याकडे गेला. त्या घराण्याचे पूर्वज समरकंदाकडून आलेले तुराणी होते. यर्टच्या मुलखाशी मराठवाड्याचा संबंध दूरचा वाटतो तितका दूरचा नाही.

छावणी गेली तरी तिचे शब्द इथेच राहिले. कनात, तंबू, डेरा, शामियाना आपण अजून वापरतो. आईनमधली ‘रावटी’ मराठीत राहुटी झाली. शिवकालीन अठरा कारखान्यांच्या यादीत फरासखाना आहेच, आणि पुण्यात तर फरासखाना म्हटले की आज लोकांना पोलीस चौकी आठवते, तंबू नव्हे. माणूस ‘डेरेदाखल’ होतो, कामात कुणी ‘मेख मारतो’. एवढी सगळी शब्दसंपत्ती टिकली, पण ‘खरगाह’ हा शब्द मराठीत रुजला नाही. वस्तू रुजली नाही म्हणून शब्दही रुजला नाही. ती का रुजली नाही, हा प्रश्न मला बरीच वर्षे छळत होता. ग्रंथालयात बसून त्याचे उत्तर मिळण्यासारखे नव्हते. म्हणून एका उन्हाळ्यात, नांदेडजवळच्या एका शेतात, एक खरगाह हाताने बांधून पाहायचे ठरवले.

यर्टची रचना तशी सरळ आहे. भिंत म्हणजे पातळ काठ्यांची तिरपी जाळी. एकावर एक आडव्या-तिडव्या येणाऱ्या काठ्यांना जिथे त्या छेदतात तिथे भोक पाडून कच्च्या चामड्याची वादी ओवतात आणि दोन्ही बाजूंनी गाठ मारतात. त्यामुळे प्रत्येक गाठ बिजागरीचे काम करते. जाळी ओढली की पसरते, ढकलली की मिटते. अशा चार-सहा जाळ्या गोलाकार उभ्या करून एकमेकींना बांधतात आणि मध्ये दाराची चौकट बसवतात. वर मधोमध लाकडी कडे असते. किरगिझ लोक त्याला ‘तुंदुक’ म्हणतात, कझाक ‘शानिराक’, मंगोल ‘तोनो’. जाळीच्या माथ्यापासून या कड्याच्या भोकांपर्यंत चहूबाजूंनी तिरप्या काठ्या जातात. किरगिझ-कझाक घरात मधला खांब नसतो. कडे काठ्यांच्या दाबावरच अधांतरी राहते. धूर त्यातून बाहेर जातो आणि उजेड त्यातून आत येतो.

मध्य आशियात या कामाला विलोची काठी वापरतात. आपल्याकडे सरळ, लवचीक आणि हलके म्हणजे बांबू. एका अनुभवी बुरुडाला गाठले. साडेपाच फुटांच्या कामट्या, नऊ-नऊ इंचांवर भोके, एका जाळीला वीस कामट्या असे माप ठरले. बांबूला गिरमिटाने भोक पाडले की तो उभा चिरतो, हे त्यांना सांगावे लागले नाही. त्यांनी सळई लाल करून भोके जाळून काढली. वाद्यांसाठी चामड्याचे काम करणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. कमावलेले चामडे सैल पडते, कच्चेच हवे, हे त्याने ऐकताक्षणी सांगितले. वादी रात्रभर भिजवायची, ओली असताना गाठ मारायची. वाळताना ती आखडते आणि गाठ दगडासारखी होते. एका जाळीला साठेक गाठी लागल्या. पहिली जाळी वाळली तेव्हा बुरुडाने ती दोन्ही हातांनी ओढली, मिटली, पुन्हा ओढली. ‘‘आमची ताटी एकदा इणली की इणली,’’ तो म्हणाला. ‘‘ही तर मिटती की.’’ पसरल्यावर आठ फूट रुंद आणि साडेचार फूट उंच होणारी ती भिंत मिटल्यावर एका माणसाच्या काखेत मावत होती. उंटाच्या दोन्ही अंगांना घर कसे लादत असतील ते तेव्हा कळले.

खरी पंचाईत कड्याची वाटत होती. पण ती बैलगाडीच्या सुताराने सोडवली. बैलगाडीच्या चाकात मधला तुंबा, त्यातून निघणारे आरे आणि बाहेरचे पाटे असतात. कडे म्हणजे तुंबा नसलेले चाकच, फक्त आऱ्यांची भोके आतून न पाडता बाहेरून आणि तिरपी पाडायची. बाभळीचे चार पाटे जोडून त्याने ते केले. गाड्या आता टायरच्या झाल्या, लाकडी चाकांचे काम त्याच्याकडे फारसे येत नाही. चाकाची विद्या अशी घराच्या माथ्यावर कामाला येईल असे त्याला वाटले नव्हते, आणि खरे सांगायचे तर मलाही.

चार जाळ्या गोलाकार उभ्या केल्यावर दहा फूट व्यासाचे वर्तुळ झाले. दोघांनी मधोमध कडे काठीवर उचलून धरले आणि बाकीच्यांनी वरच्या काठ्या बसवायला घेतल्या. या टप्प्यावर भिंतीला दोर न बांधता मुद्दाम थोडे थांबलो. पाच-सहा काठ्या बसताच भिंत बाहेर सरकू लागली आणि कडे खाली येऊ लागले. मग जाळीच्या वरच्या कडेभोवती सुती पट्टा ताणून बांधला आणि सगळे जागच्या जागी थांबले. यर्टचे मर्म या कंबरपट्ट्यात आहे. छपराचा भार भिंतीला बाहेर ढकलतो आणि पट्टा तिला आत धरतो. दोघांच्या या ओढाताणीवर घर उभे राहते. जमिनीत एकही खांब रोवलेला नाही. पाया नाहीच.

आता आच्छादन. मध्य आशियात नमदा असतो, म्हणजे न विणता लोकर पिंजून, गरम पाणी शिंपडून, गुंडाळी करून तुडवून जमवलेले जाड कापड. मंगोल लोक ती गुंडाळी घोड्यामागे ओढतात. ही विद्या दख्खनेला अनोळखी नव्हती. पिंजारी लोक अशाच रीतीने बुरणूस करत. आणि घोंगडी तर आपल्या घरचीच. दख्खनी मेंढीची राठ, काळी लोकर, खड्ड्याच्या मागावर सनगरांनी विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली. पावसात तिची खोळ करून डोक्यावर घेतली की तासभर भर पावसात मेंढरे राखता येतात. म्हणून निम्म्या खरगाहवर घोंगड्या टाकल्या आणि निम्म्यावर बाजारात मिळते ती ताडपत्री. वैशाखातल्या दुपारी ताडपत्रीच्या बाजूला बसवेना. घोंगडीच्या बाजूला अंधार आणि कोंदट वाटत होते, पण खालची कड फूटभर वर गुंडाळल्यावर वारा खालून आत आला आणि कड्यातून वर गेला. मंगोलही उन्हाळ्यात नमद्याची कड अशीच वर करतात. म्हणजे उन्हामुळे हे घर इथे टिकले नाही, हे सोपे उत्तर मला तरी पटत नाही. पावसाळ्यात मात्र ओल्या लोकरीचे ओझे कुणाच्या बैलाला ओढवले नसते, हे कबूल.

मला अधिक पटणारे उत्तर काम करताना सापडले. या एका घराला बुरूड लागला, सुतार लागला, चामड्याचे काम करणारा लागला, सनगर लागला, आणि पिंजारी मिळाला असता तर तोही हवा होता. गवताळ मुलखात हे सगळे एका वस्तीत होते. लाकूडकाम बहुधा पुरुष करत आणि नमदा, पट्टे, दोर बायका करत. आपल्याकडे प्रत्येक कौशल्य एकेका जातीच्या घरात वाटले गेले होते, आणि ती घरे गावाला बांधलेली होती. बलुतेदार गाव सोडून भटक्याबरोबर कशाला जाईल? या सगळ्या हातांना एकत्र गोळा करून चालवण्याची ताकद फक्त बादशहाकडे होती. अबुल फजलचा हिशेब पुन्हा वाचला तेव्हा तो वेगळाच दिसू लागला. शंभर हत्ती, पाचशे उंट, चारशे गाड्या. इराणी, तुराणी आणि हिंदुस्थानी मिळून एक हजार फरास, पाचशे बेलदार, शंभर भिस्ती, सुतार, तंबू शिवणारे आणि मशालजी मिळून पन्नास, चामड्याचे काम करणारे तीस आणि दीडशे झाडूवाले. ते तीस लोक कशासाठी होते ते वाद्या ओवून बोटे सोलली की कळते.

ज्याला हे हात मिळू शकत नव्हते त्याने काय केले? त्याने पाल केले.

पालाला दोन मेढी लागतात, म्हणजे टोकाला फाटा असलेली दोन लाकडे. त्यांवर आडवे आढे. आढ्यावरून दोन्ही बाजूंना कापड टाकायचे आणि खुंट्यांना ताणून बांधायचे. आईनमधली चोबीन रावटीही अशीच असते. तिचे दहा खांब थोडे जमिनीत जातात, सगळे सारख्या उंचीचे, फक्त दोन जरा उंच, कारण आडवे लाकूड त्यांच्यावर टेकते. तत्त्व एकच. रावटीवर वाळ्याचे आणि जरीचे आच्छादन असे, पालावर जुन्या धोतरांचे, लुगड्यांचे आणि गोणपाटाचे. ते बायका शिवतात, आणि टाका गोधडीचाच असतो. मेढ वाटेत मिळते, कापड घरात झिजते, दोर हाताने वळता येतो. कुठल्याही बलुतेदाराच्या दारात उभे राहावे लागत नाही. वैदू, गोसावी, मसणजोगी, कैकाडी, घिसाडी अशा कितीतरी जमातींनी या घरात पिढ्या काढल्या. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण वापरताना आपण विंचवाचा विचार करत नाही आणि बिऱ्हाडाचाही नाही.

दिसायला पाल खरगाहपुढे दरिद्री आहे, हे खरे. पण कारागिरीची तुलना अशी करायची नसते. एका कुटुंबाच्या हातांनी, गाढवाच्या पाठीवर मावेल एवढ्या सामानात, तासाच्या आत उभे राहणारे घर करून दाखवा, अशी अट घातली तर खरगाह हरतो.

गावाने मात्र पालाला घर मानले नाही. गावाचे घर म्हणजे माळवद. मराठवाड्यातले माळवदाचे घर लाकडी खणांचे असते. खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. भोवतीच्या भिंती दोन-तीन फूट रुंद, दगड आणि मातीच्या. वर उजेडासाठी आणि धुरासाठी साणे. किरगिझ माणसाला ते साणे पाहून आपल्या तुंदुकची आठवण होईल. ऊन आत येऊ न देणारे, उन्हाळ्यात गार, धान्याला कोरडे असे हे घर फार विचाराने घडले होते. दरवर्षी मृगाआधी गळती थांबवायला वर नवी माती टाकायची. अशी पिढ्यान्‌पिढ्या माती चढत गेली आणि छपराचे वजन वाढत गेले.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटे असताना, किल्लारी-सास्तूर परिसरात ते वजन खाली आले. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. सुमारे दहा हजार माणसे गेली. मातीत बसवलेले गोटे सुटले आणि भिंतींनीच माणसे गाडली. अनेक ठिकाणी लाकडी खणांचा सांगाडा तसाच उभा राहिल्याचे नंतर पाहणाऱ्यांनी नोंदवले. कुडाच्या, हलक्या छपराच्या झोपड्यांत जीवहानी फार कमी झाली. तुराट्यांचा किंवा निरगुडीच्या फोकांचा कूड हलतो, वाकतो, पण कोसळून कुणाचा जीव घेत नाही. त्यानंतर बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली, जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठा कार्यक्रम झाला. भूकंपरोधक बांधकामाचे नियम शिकवले गेले, ते आवश्यकच होते. पण वाकणाऱ्या, बांधलेल्या, खिळा नसलेल्या घराची विद्या ज्यांच्याकडे होती त्यांना कुणी काही विचारले नाही. पुनर्वसन पडलेल्या घराचे होत होते, आणि पाल हे घरच नव्हते.

हे ‘घर नसणे’ केवळ बोलण्यापुरते नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी फिरत्या माणसाला संशयित ठरवले. कायदा १९५२ मध्ये गेला, संशय राहिला. लातूरजवळच्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ ही आत्मकथने वाचलेल्यांना मी नव्याने काही सांगायला नको. बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने २००८ मध्ये दिलेल्या अहवालात निवाऱ्याचा आणि कागदपत्रांचा प्रश्न ठळकपणे मांडला. राज्यात यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आली, पाच गुंठे जागा आणि २६९ चौरस फुटांचे घर देणारी. भटक्यांना पक्के घर मिळाले पाहिजे, यात दुमत असण्याचे कारण नाही. चिखलात पाल ठोकून बाळंतपण करणाऱ्या बाईपुढे पालाचे कौतुक करणे हा आगाऊपणा होईल. माझे म्हणणे एवढेच की माणूस पक्क्या घरात जाताना त्याच्या हातातली विद्या नोंदवून घेण्याची तसदी कुणीतरी घ्यायला हवी. युनेस्कोने २०१३ मध्ये मंगोल गेरची आणि २०१४ मध्ये कझाक-किरगिझ यर्टची कारागिरी मानवजातीच्या वारशात नोंदवली. किरगिझस्तानच्या राष्ट्रध्वजावर तुंदुक आहे, घराच्या छपराचे कडे. आपल्याकडे घडीच्या घराची सरकारी नोंद होते ती बहुधा अतिक्रमणाच्या पंचनाम्यात.

पालाच्या जवळची आणखी एक गोष्ट दरवर्षी आपल्या डोळ्यांसमोरून जाते. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा बालाघाटच्या डोंगरातून उचल घेतलेल्या ऊसतोड कामगारांच्या जोड्या कारखान्यांकडे निघालेल्या असतील. उसाच्या फडाजवळ ते ज्यात राहतात ती कोपी. बांबू गोलाकार उभे करून माथ्यावर एकत्र बांधायचे, वर पाचट, चटई किंवा ताडपत्री टाकायची, एक बुटके दार ठेवायचे. फड संपला की सोडायची, ट्रॅक्टरवर टाकायची, पुढच्या फडाला पुन्हा बांधायची. गोल बूड, माथ्याला गाठ, खिळा नाही. आजच्या मराठवाड्यात यर्टच्या सर्वांत जवळ जाणारे घर कोणते, असे विचाराल तर मी कोपीकडे बोट दाखवीन. पाच-सहा महिने हजारो कुटुंबे त्यात राहतात, आणि तिच्या बांधणीवर मराठीत एखादे चार पानांचे टिपण वाचायला मिळावे अशी माझी इच्छा अजून पुरी झालेली नाही.

गंमत अशी की गावकरीही वर्षातून एकदा कोप बांधतो आणि तिची पूजा करतो. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे वेळ अमावास्येला, लातूर-धाराशिवकडे शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करतात, वर शाल पांघरतात, आत पांडव मांडतात, अंबील आणि भज्जीचा नैवेद्य दाखवतात. आपण येळवस म्हणतो तो हाच सण. शहरे त्या दिवशी ओस पडतात आणि सगळे शेतात जेवायला जातात. स्थिर झालेल्या शेतकऱ्याच्या मनात कुठेतरी घडीच्या घराची आठवण उरली आहे की काय, अशी शंका मला येते. हा माझा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे.

आणि नेमक्या त्याच दिवसांत लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार, तमाशाचे फड, आणि नाना भटक्या जमातींची पाले. पूर्वी जातपंचायतीही इथेच बसत. एकाच अमावास्येला एका तालुक्यात कोपीची पूजा चाललेली असते आणि शेजारच्या तालुक्यात माळावर पालांचे गाव उठलेले असते. अलीकडे त्यांत ताडपत्री आणि निळे प्लास्टिक वाढले आहे, शिवलेले पाल शोधावे लागते.

एका यात्रेत असे एक पाल मला सापडले. मालकिणीची परवानगी घेऊन, अबुल फजलची पद्धत उसनी घेऊन, त्याची मोजदाद केली. ती इथे देतो. मेढी दोन, एक बाभळीची आणि एक बोरीची, उंची सव्वाचार फूट. आढे एक, बांबूचे, आठ फूट. खुंट्या दहा, त्यांपैकी तीन लोखंडी. दोर अंबाडीचा, जागोजागी नायलॉनने सांधलेला. आच्छादन एक, चार धोतरे, दोन लुगडी आणि खताच्या पोत्यांचे सहा तुकडे मिळून शिवलेले, टाका दुहेरी, वाऱ्याकडच्या बाजूला अस्तर गोणपाटाचे. आढ्यावर घासून कापड झिजू नये म्हणून त्या रेषेत सायकलच्या ट्यूबची पट्टी शिवलेली. भोवती पाणी जायला वीतभर खोल चर. तोंड पूर्वेला, कारण त्या माळावर रात्रीचा वारा पश्चिमेकडून येत होता. किंमत विचारली तेव्हा बाई हसल्या, कापडाची किंमत काय लावायची म्हणाल्या. फरास : त्या स्वतः, त्यांची सून आणि बारा वर्षांचा नातू. वाहन : गाढव एक. उभारणीला लागलेला वेळ : सून चूल मांडून पीठ मळेपर्यंत.